शहरातून आलेले छोटे पिल्लू शेतकऱ्याच्या घरी

आपल्याकडे कुत्रे पाळणे ही काही नवी गोष्ट नाही. खळ्यावर, वस्तीवर, गोठ्याच्या दारात कुत्रे असायचेच. मराठवाड्यात तर पश्मी आणि कारवान या शिकारी जाती पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी सांभाळल्या. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात, खंडोबाबरोबर कुत्रे असते, आणि भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट तर घरोघरी सांगितली जाते. पण हे कुत्रे पाळणे म्हणजे काय असायचे? उरलेली भाकरी अंगणात टाकायची, रात्री ते भुंकले की बॅटरी घेऊन बाहेर यायचे. बाकी त्याचे ते बघून घ्यायचे.

आता गावात एक वेगळाच पाहुणा येऊ लागला आहे. केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या मांजरा खोऱ्यातल्या गावीसुद्धा, पुण्या-मुंबईला नोकरीला असलेला मुलगा सुट्टीला येताना खोक्यात घालून पांढरेशुभ्र, लोकरीच्या गुंड्यासारखे पिल्लू घेऊन येतो. १९९४ सालच्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटातला टफी ज्यांनी पाहिला, त्यांना या पिल्लाची ओळख सांगायला नको. घरातली पोरे हरखून जातात. आजी म्हणते, "ह्येला कुठं बांधायचं? ह्ये तर मांजरापेक्षा लहान हाय." आजीचा प्रश्न अगदी रास्त आहे. हे पिल्लू वस्तीवरच्या कुत्र्यासारखे वाढवून चालत नाही. तसे वाढवले तर बहुधा ते जगत नाही. आणि जगले, पण त्याची लस टोचायची राहिली, तर धोका त्याच्याबरोबर घरातल्या मुलांनाही असतो. म्हणून पहिल्या चार महिन्यांत काय करावे आणि काय टाळावे, हे आज पाहू.

पिल्लू कोणत्या जातीचे?

आपल्याकडे अशा प्रत्येक पांढऱ्या केसाळ पिल्लाला 'पॉमेरेनियन' म्हणतात. पुष्कळदा ते असते 'इंडियन स्पिट्झ'. दोघांच्या आकारात फरक आहे. लहान चणीचा स्पिट्झ वाढून पाच ते सात किलोचा होतो. खरा पॉमेरेनियन पूर्ण वाढला तरी दोन-तीन किलोच्या आसपासच राहतो. जर्मनी आणि पोलंडच्या उत्तरेला समुद्रकाठी पॉमेरेनिया नावाचा थंड प्रदेश आहे, त्यावरून हे नाव पडले. मुळात ही कुत्री मोठी होती. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला ती आवडली. १८८८ साली तिने इटलीतून एक लहान चणीचे कुत्रे नेले. तेव्हापासून लहानात लहान पिल्ले निवडून जात आणखी बारीक करण्याची हौस वाढली. आता चिहुआहुआ, शिह त्झू अशा आणखी छोट्या जातीही शहरांतून दिसतात. या सगळ्यांना 'टॉय' जाती म्हणतात.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की हा छोटा आकार माणसाने घडवलेला आहे. त्यामुळे त्याच्या उणिवाही माणसानेच भरून काढायच्या असतात. हाडे नाजूक, पोट लहान, अंगात साठा कमी आणि अंगावर थंड मुलखातले केस, असे हे जनावर आहे. बीड जिल्ह्याच्या उन्हाळ्यात त्याला सांभाळायचे तर थोडी समज हवी.

आणण्यापूर्वी घराने ठरवावे

हे कुत्रे नीट सांभाळले तर बारा ते पंधरा वर्षे जगते. आज दुसरीत असलेले पोर कॉलेजात जाईल तोवर ते घरात असणार. तेव्हा पोराचा हट्ट झाला म्हणून आणू नये. रोज त्याचे खाणेपिणे कोण पाहणार, दवाखान्यात कोण नेणार, हे आधी ठरवावे. जबाबदारी एका मोठ्या माणसाने घ्यावी, लहान मुलांनी मदत करावी.

पिल्लू दोन महिन्यांपेक्षा लहान असेल तर आणूच नये. २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आईजवळ आणि भावंडांत राहून पिल्लू दोन गोष्टी शिकते. एक म्हणजे आपले आपण खाणे आणि दुसरी म्हणजे किती जोराने चावायचे नाही. लवकर तोडलेले पिल्लू अशक्त राहते आणि पुढे चावरे निघते. घेताना डोळे स्वच्छ, नाक ओलसर, पोट नगाऱ्यासारखे फुगलेले नाही आणि शेपटीखाली हगवणीचे डाग नाहीत, एवढे तरी पाहावे. लसीचे कार्ड मागून घ्यावे. पहिल्या घरी ते काय खात होते हेही विचारावे आणि निदान आठवडाभर तेच द्यावे.

आणण्याची वेळही महत्त्वाची आहे. चैत्र-वैशाखात प्रवास करून आणलेले पिल्लू उन्हाने हैराण होते. दिवाळीच्या फटाक्यांत आणलेले पिल्लू जन्माचे भित्रे होऊ शकते. मृगाचा पाऊस पडून हवा निवली, की ज्येष्ठ-आषाढात आणावे. म्हणजे थंडी पडण्यापूर्वी लसी पुऱ्या होतात आणि अंगात जोर येतो.

पहिले आठ दिवस

आईपासून तुटलेले पिल्लू पहिल्या दोन-तीन रात्री रडते. त्याला ओरडू नये, की लांब गोठ्यात नेऊन कोंडू नये. एका खोक्यात किंवा पसरट टोपल्यात जुने लुगडे घालावे आणि ते घरातल्या माणसाच्या अंथरुणाजवळ ठेवावे. थंडी असेल तर बाटलीत कोमट पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. मध्यरात्री एकदा उचलून बाहेर नेऊन लघवीला सोडावे. चार-आठ दिवसांत ते रुळते.

पहिल्या पंधरा दिवसांत आंघोळ घालू नये. अंग मळले तर ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे. पिल्लू फिरते त्या फरशीवर फिनेल टाकू नये. ते पायाला लागते, पिल्लू पाय चाटते आणि विष पोटात जाते. साध्या साबणाच्या पाण्याने पुसून वर स्वच्छ पाणी मारले तरी पुरे.

घरातल्या जागा एकदा पिल्लाच्या उंचीवर वाकून पहाव्यात. औषध लावलेले बियाणे, उंदराचे औषध, फवारणीच्या रिकाम्या बाटल्या आणि युरियाचे फुटके पोते या चारही वस्तू शेतकऱ्याच्या घरात खालीच असतात. त्या कुलपात किंवा उंच फळीवर गेल्या पाहिजेत. रांगत्या मुलासाठी जी काळजी घेतो तीच ही.

बाजेवरून, ओट्यावरून त्याला उड्या मारू देऊ नये. या जातींची गुडघ्याची वाटी सहज सरकते आणि पुढचा पाय पटकन मोडतो. मुलांनी पिल्लाला जमिनीवर बसूनच मांडीवर घ्यावे, उभ्याने उचलून धावू नये. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली असावा.

अंगणात त्याला एकटे सोडू नये. बैलाच्या एका खुराने खेळ संपतो. गावची मोठी कुत्री, घार, बोका या सगळ्यांना ते भक्ष्यच वाटते. आपल्याच जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावी डिसेंबर २०२१ मध्ये वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि छतांवर नेत होती, हे साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत आले होते. तिथे उंचावरून पडून आणि उपाशी राहून पिल्ले मेली. शेवटी वनखात्याने दोन वानरे पकडली. वानरांचे येणे-जाणे असलेल्या गावात माळवदावर पिल्लू मोकळे ठेवणे नको.

खाणे : थोडे, पण वारंवार

या पिल्लांच्या अंगात साखरेचा साठा फार कमी असतो. मोठ्या जातीचे पिल्लू एक वेळ उपाशी राहिले तर नुसते रडेल, पण हे थरथर कापू लागते, झोकांड्या खाते आणि मलूल होऊन पडते. शेतातून यायला उशीर झाला, घरी कोणी नव्हते, एवढेही निमित्त पुरते. असे दिसले तर गूळ किंवा साखर पाण्यात विरघळवून बोटाने हिरड्यांवर चोळावी. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुफ्फुसात जाते. शुद्धीवर आले की थोडे खायला द्यावे, उबेत ठेवावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

म्हणून तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा खायला द्यावे. वेळा ठरलेल्या असाव्यात.

काय द्यावे? विकतचे पिल्लांचे खाद्य परवडत असेल तर ते कोमट पाण्यात भिजवून द्यावे. नसेल तर घरचे चालते, मात्र नुसती भाकरी आणि दूध यावर पिल्लू वाढत नाही. ज्वारीची भाकरी किंवा भात बारीक कुस्करून त्यात बिनमिठाचे, बिनफोडणीचे वरण, उकडलेले अंडे किंवा हाडे काढलेली शिजवलेली कोंबडी मिसळावी. थोडे ताजे दही चालते. गाई-म्हशीच्या दुधाने पुष्कळ पिल्लांना हगवण लागते, तेव्हा ते जपून द्यावे. घरच्या खाण्यात पिल्लांना चुना कमी पडतो, त्यासाठी डॉक्टरांना विचारून औषध द्यावे. स्वच्छ पाण्याची वाटी कायम भरलेली असावी.

काय देऊ नये? कांदा आणि लसूण. कच्चा असो की आमटीतला, त्याने कुत्र्याचे रक्त पातळ होते. द्राक्षे आणि मनुके मूत्रपिंडाला मारक ठरतात. चॉकलेट तर विषच. शिजवलेल्या कोंबडीचे हाड सळीसारखे चिरफाळते आणि आतड्यात रुतते. तूप, तळण, पेढा हेही नको. नामदेवांचे प्रेम घ्यावे, तुपाची वाटी तेवढी घरात ठेवावी. लग्नकार्यात पाहुणे हौसेने काहीबाही भरवतात, त्या दिवशी पिल्लू खोलीत ठेवलेले बरे.

लसी : यात हयगय नको

या लेखातले दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, पण हे लक्षात ठेवावे.

पिल्लांना मारणारा मोठा रोग म्हणजे पार्व्हो. हा रोग जगात १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेला आणि दोन वर्षांत सगळीकडे पसरला. उलट्या, रक्ताची दुर्गंधी असलेली हगवण आणि अंग गळून जाणे ही याची लक्षणे. दोन किलोचे पिल्लू दोन दिवसांतही जाऊ शकते. रोगाचे विषाणू माती-फरशीत महिनोन्‌महिने टिकतात. ज्या घरी असे पिल्लू गेले, तिथे लस न टोचलेले दुसरे पिल्लू वर्षभर आणू नये. फरशी ब्लीचिंगच्या पाण्याने धुवावी.

पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे रोगांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करतात, आणि चार महिन्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा टोचतात. एकदा टोचली की झाले, असा समज चुकीचा आहे. आईच्या दुधातून आलेली शक्ती पहिल्या लसीचा परिणाम होऊ देत नाही, म्हणून पुन्हा टोचावी लागते. लस औषधाच्या दुकानातून आणायची असेल तर थर्मासमध्ये बर्फ घालून आणावी. उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून आलेली लस म्हणजे नुसते पाणी. टोचायची ती पशुवैद्यकीय डॉक्टरांकडूनच.

तीन महिने पुरे झाले की रेबीजची लस टोचावी. पुढचा डोस डॉक्टर सांगतील त्या तारखेला आणि मग दर वर्षी. "हे घरातच असते, याला कुठून पिसाळी होणार?" असे लोक म्हणतात. पण गावात पिसाळलेले कुत्रे ओसरीवर येऊन एकदा चावून जाते तेवढे पुरते. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी जवळजवळ सगळा कुत्र्यांपासूनच होतो, आणि बळी जाणाऱ्यांत मुले फार असतात. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर इलाज नाही.

घरच्या पिल्लाची लस झालेली नसेल आणि ते चावले किंवा त्याचा दात ओरखडला, तर जखम लहान म्हणून गप्प बसू नये. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. त्यावर हळद, चुना, मिरची, तंबाखू काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. मुले मार बसेल या भीतीने चावल्याचे लपवतात, तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेवावे की चावले तर लगेच सांगायचे, कोणी रागावणार नाही.

जुन्या माणसांच्या मनात पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून आहे. ती जुनी लस २००५ पर्यंत आपल्या देशात बंद झाली. आता दंडावर मोजकीच इंजेक्शने ठरलेल्या दिवशी देतात आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. मधली चुकवू नयेत. चेहऱ्यावर, हातावर खोल चावा असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही लागते. त्यासाठी आपल्या भागात अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. दवाखान्यात 'सीरम लागेल का?' असे आपण होऊन विचारावे. गंडेदोरे, देवऋषी आणि विहिरीत डोकावणे यांत एक दिवसही घालवू नये.

जंत, गोचीड आणि गावठी उपाय

पिल्लाला जंत असतातच, ते पुष्कळदा आईकडूनच येतात. दोन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि पुढे तीन महिन्यांनी वजनाप्रमाणे जंताचे औषध द्यावे. कुत्र्याच्या विष्ठेतले जंत मातीतून मुलांच्या पोटात जातात. म्हणून विष्ठा रोज उचलून पुरावी आणि पिल्लाशी खेळून आलेल्या मुलांनी हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवू नये.

गोठा जवळ असला की गोचीड आणि पिसवा आल्याच. पण बैलाला मारायचे गोचिडाचे औषध पिल्लावर फवारू नये. ते तीन-चारशे किलोच्या जनावरासाठी असते, दोन किलोचे पिल्लू त्यात दगावते. खरजेवर रॉकेल किंवा जळके ऑइल चोळणे हाही तसाच घातक उपाय. कातडीतून ते अंगात भिनते. ताप वाटला म्हणून घरातली माणसांची गोळी देऊ नये. रोज संध्याकाळी कानात, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली पाहून गोचीड चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढावे. ते बोटांनी चिरडू नये. डॉक्टरांकडे पिल्लाच्या वजनाप्रमाणे द्यायचे औषध मिळते.

अंगावरचे केस एक दिवसाआड विंचरावेत. उन्हाळ्यात मेंढरासारखी कातरणी करू नये. हे केस उन्हापासूनही राखतात आणि मुळापासून कातरले तर पुष्कळदा पूर्वीसारखे येत नाहीत. त्यापेक्षा दुपारी माळवदाच्या थंड खोलीत, ओल्या गोणपाटावर निजू द्यावे. फिरवणे पहाटे आणि दिवस मावळल्यावर. जीभ बाहेर काढून फार धापा टाकत असेल, तोंडातून फेस येत असेल, तर सावलीत नेऊन साध्या पाण्याने पोट, पाय, मान भिजवावी, वारा घालावा आणि दवाखाना गाठावा. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत तर पाच मिनिटेही ठेवू नये.

शिकवण : एकच शब्द, एकच रीत

लहान कुत्र्याला शिकवण लागत नाही, असे पुष्कळांना वाटते. ते भुंकले, चावले तरी लोक हसतात. तेच पुढे पाहुण्याच्या पोटरीला लागते. दोन महिन्यांपासूनच शिकवायला सुरुवात करावी. एका वेळी पाच मिनिटे, दिवसातून तीन-चारदा, एवढे पुरते.

पहिला धडा बाहेर जाण्याचा. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर पिल्लाला लघवी येतेच. त्या तिन्ही वेळी त्याला परड्यातल्या ठरलेल्या कोपऱ्यात न्यावे आणि शांत उभे राहावे. झाले की त्याच क्षणी "शाब्बास" म्हणून अंड्याचा किंवा फुटाण्याचा कण द्यावा. घरात येऊन दिला तर कशाबद्दल दिला हे त्याला कळत नाही. घरात केले तर नाक घासू नये, मारू नये. मार खाल्लेले पिल्लू एवढेच शिकते, की माणसासमोर करायचे नाही, बाजेखाली जाऊन करायचे. दीड-दोन महिने नेटाने केले तर सवय लागते.

दुसरा धडा नावाचा आणि चार शब्दांचा. "ये", "बस", "थांब", "सोड". घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरावेत. आजोबा "हिकडं ये" म्हणणार, पोरगी "कम" म्हणणार आणि सून चुटकी वाजवणार, तर पिल्लाने कोणाचे ऐकावे? बस शिकवायला अंड्याचा कण नाकापासून वर डोक्यामागे न्यावा. मान वर गेली की बूड आपोआप टेकते. टेकताच "बस" म्हणून कण द्यावा. बोलावून कधीही शिक्षा करू नये, नाहीतर पुढे ते बोलावल्यावर येणार नाही. आणि त्याच्यावर कोणी गमतीने "छू" करू नये. कोंबडीवर, शेजाऱ्याच्या पोरावर सोडण्याची ही थट्टाच त्याला चावरे करते.

चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडतात. तेव्हा हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लू चपला, पदर, बोटे सगळे चावते. थंड पाण्यात भिजवून पिळलेले फडके गाठ मारून द्यावे. बोट चावले तर "आई गं!" म्हणून खेळ थांबवून उठून जावे. चावले की खेळ संपतो, हे त्याला दोन-तीन दिवसांत कळते. मुलांनाही शिकवावे, की खाणाऱ्या आणि झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही.

तिसरा धडा भीती घालवण्याचा. साधारण साडेतीन महिन्यांपर्यंत पिल्लाने जे शांतपणे पाहिले, त्याची त्याला जन्मभर भीती वाटत नाही. म्हणून लसी पुऱ्या होईपर्यंत खाली न सोडता, काखेत घेऊन त्याला ट्रॅक्टर, बैलगाडी, शेळ्या, धोतरवाले आजोबा आणि शाळेची पोरे दाखवावीत. पोळ्याचा हलगी-ताशा आधी लांबून ऐकवावा, मग हळूहळू जवळ न्यावे. घाबरले तर ओढू नये, मागे यावे.

फिरवताना गळ्याचा पट्टा नको. या जातींची श्वासनलिका नाजूक असते, ओढ बसली की ठसका लागतो. छातीभोवती बसणारा पट्टा घ्यावा. मादी असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळावी. सहा ते दहा महिन्यांत ती पहिल्यांदा माजावर येते. गावच्या मोठ्या कुत्र्यापासून गाभण राहिली तर बाळंतपणात जीव जाण्याची भीती असते. डॉक्टरांना विचारून वेळीच शस्त्रक्रिया करून घ्यावी.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न टाळून चालणार नाही. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि घरे कुलपात जातात. त्या पाच-सहा महिन्यांत पिल्लाचे काय?

ते बरोबर नेऊ नये, हेच बरे. कोपीवर चार वेळा खायला घालायला कोणाला सवड नसते. ट्रकची, ट्रॅक्टरची, बैलगाड्यांची वर्दळ असते. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उसातला बिबट्या. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासून पाहिली, तेव्हा त्याच्या खाण्यात सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. जुन्नर, शिरूरच्या उसात तर बिबट्याचा वावर सर्वांना माहीत आहे. कोपीच्या दारात बांधलेले लहान कुत्रे म्हणजे बिबट्याला बोलावणेच, आणि आत आपली मुले झोपलेली असतात.

गावी म्हातारी माणसे राहणार असतील तर पिल्लू त्यांच्याच हाती वाढवावे. खाणे त्यांनीच घालावे, शब्द त्यांचेच असावेत, म्हणजे दसऱ्यानंतर त्याला तुटल्यासारखे होणार नाही. लसीचे कार्ड आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांचा फोन नंबर भिंतीवर लावून जावे. मागे राहणारे कोणीच नसेल, तर अशा घरी हे पिल्लू आणू नये आणि मुलाने आणले तरी त्याला तसे स्पष्ट सांगावे. कुलूप लावलेल्या दारात बसवून ठेवलेले घरचे कुत्रे गावच्या कुत्र्यांत तग धरत नाही. त्यापेक्षा वस्तीवरच्या आपल्या गावठी कुत्र्याला रेबीजची लस टोचून आणली, तर ते पुण्यही मोठे आणि मुलांची राखणही मोठी.

ज्यांच्या घरी पिल्लू आधीच आले आहे, त्यांनी आज एवढे करावे. लसीचे कार्ड काढून पुढची तारीख पहावी. कार्डच नसेल, तर उद्या सकाळी पिल्लाला घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. जाताना शेजारच्यांनाही विचारावे, त्यांचे कुत्रेही बहुधा राहिलेलेच असेल.